वळणावरची भाजी

होरियाना आत्यानं मराएचा, म्हणजे आमच्या कुळाच्या सभाघराचा, स्वयंपाक सोडला, हे आधी कुणालाच खरं वाटलं नाही.

लग्न असो, मयत असो, सभा असो, पाहुणे फाटकाशी येऊन उभे राहिले की पुढच्या अंगणातून बायकांची स्वागताची हाक उठायची आणि त्याच वेळी मागच्या स्वयंपाकघरात आत्याच्या पातेल्यांची झाकणं वाजायची. आमच्या कानांना हे दोन आवाज एकच झाले होते. पुढे हाक, मागे झाकण. हाकेनं पाहुणा आत यायचा, झाकणानं तो आपला व्हायचा.

मग त्या उन्हाळ्यात थोरल्या काकांचं मयत झालं. समुद्रकाठची माणसं बस भरून आली. रडून झालं, भाषणं झाली, मातीही झाली आणि शेवटी जेवण झालं. परतीच्या वाटेवर त्या बसमध्ये एकेकाला उलट्या सुरू झाल्या. त्यांच्यातल्या हारावीरा आजोबांना तर थेट इस्पितळात न्यावं लागलं. ते वाचले, पण पाहुणा आपल्या ताटावरून उठून आजारी पडावा, यापेक्षा खाली आमच्याकडे मान जात नाही. आत्यानं कुणाला काही सांगितलं नाही. एकटी गाडी घेऊन किनाऱ्यावर गेली. त्यांच्या जेवणघरात उभी राहून म्हणाली, "माझ्या हातून घाण झाली." परत आली, खुंटीला एप्रन अडकवला, किल्ली शेजारच्या खिळ्याला लावली आणि घरी जाऊन दार ओढून घेतलं.

हे सगळं रिपेकाला बरंच उशिरा कळलं.

रिपेका आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी, प्रादेशिक परिषदेत नोकरीला. कुणाला नदीतून पाणी उचलायचं असतं, कुणाला नदीत पाणी सोडायचं असतं, कुणाला तिची वाळू हवी असते. ज्याला त्याला परिषदेचा परवाना घ्यावा लागतो. परवान्याला अटी असतात आणि त्या पाळल्या जातात की नाही हे बघणं रिपेकाचं काम. परिषदेची पांढरी गाडी मराएच्या रस्त्याला लागली की म्हातारी माणसं ओट्यावरून हात हलवायची. आपली पोरगी नदीची नाडी बघायला आली, म्हणायची. मयत आमच्याकडे तीन दिवस चालतं; ती आली होती, पण पहिल्या दिवशीच. दुसऱ्या दिवशी परिषदेनं तिला दक्षिणेकडच्या कार्यालयात मदतीला पाठवलं. तिथे असताना "पाहुण्यांची पोटं बिघडली होती" एवढंच तिच्या कानावर आलं. तिला वाटलं, शिंपल्यांचा काहीतरी घोळ असेल.

शरद सुरू झाला आणि ती आपल्या नदीवर परत आली. वाळुंजाच्या झाडाखाली, नेहमीच्या जागी, गुडघाभर पाण्यात उभी राहून ती बाटली भरत होती. काठावर तिचा चुलत भाऊ होहेपा कुंपणाची तार ताणत होता.

"काय गं, पास झाली का नदी?"

"प्रयोगशाळेत गेल्याशिवाय कसं सांगू?"

"दर वेळी पास होते. कॉपी करते का बघ जरा."

"तू कधी पास झाला नाहीस म्हणून जळतोस."

होहेपा हसला. मग त्यानं तार सोडली. रिपेका बाहेर येऊन बुटातलं पाणी ओतत होती. तो म्हणाला, "आत्याकडे गेलीस का?"

"आज जाणारच आहे. का?"

"काही नाही. डोक्यावर परिणाम झालाय की काय वाटतं. घरातल्या भाजी चिरायच्या फळ्या जाळल्या. सुऱ्या पुरल्या. परवा गेलो तर हात घासत बसलेली. कोपरापर्यंत लाल."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. बस, हारावीरा आजोबा, किनाऱ्यावरची माफी, खुंटीवरचा एप्रन.

"पण झालं कशानं?"

"ती म्हणते, पाण्यातली ती हिरवी भाजी नीट धुतली नाही. आपण तर ती नेहमी डुकराच्या हाडांबरोबर उकळतो. पण किनाऱ्याच्या म्हाताऱ्यांना कच्ची आवडते ना, सिरका आणि साखर घालून. त्यांच्यासाठी परातभर कोशिंबीर केली होती. तेवढे कोशिंबीर खाणारेच पडले."

"वरच्या झऱ्याची भाजी तर स्वच्छ असते."

"झरा कुठे होता या उन्हाळ्यात? आटला. वळणावरची तोडली." होहेपानं वर बोट केलं. "तूच म्हणालीस ना, तोड म्हणून."

रिपेकानं त्याच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं.

वर, डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरावर, काठातून एक काँक्रीटचा नळ बाहेर आला होता. वरच्या गावाचं सांडपाणी तलावांत मुरवून, निवळवून तिथून नदीत सोडतात. त्याचा परवाना गावच्या नगर परिषदेकडे आहे. नळ आणि वाळुंज यांच्या मध्ये नदी एक वळण घेते. वळणाच्या पोटात पाणी उथळ, संथ, ऊन खात पडलेलं. आणि त्या पाण्यात हिरवीगार, गुबगुबीत, बघताच तोडावीशी वाटणारी वॉटरक्रेसची भाजी.

परवान्यातलं ते वाक्य रिपेकाला तोंडपाठ होतं. नळापासून वाळुंजापर्यंतचा पट्टा म्हणजे मिसळण्याची जागा. सांडपाण्याला नदीत विरून जायला तेवढी जागा द्यायची. त्या पट्ट्यात पाणी कसं असावं याला अट नाही. वाळुंजापाशी आल्यावर मात्र ते स्वच्छ असलं पाहिजे, आणि तपासायचं तेही तिथेच. सगळ्याच परवान्यांत असतं तसं. त्यात लबाडी नव्हती. पाण्याला मिसळायला वेळ लागतो, हे कुणालाही पटेल. नकाशावर तो पट्टा बोटाच्या पेराएवढा होता. तो पट्टा म्हणजे ही जागा, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिथे कुणी टोपली घेऊन उतरेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

आत्याचा फोन तिला आठवला. माती व्हायच्या आदल्या संध्याकाळी आला होता. मागे भांड्यांचा, पोरांचा, कुणाच्या तरी रडण्याचा आवाज.

"रिपे, झरा आटलाय गं. वळणावरची तोडू का? तुमच्या त्या ठिपक्याचं काय?"

परिषदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक परवान्यापुढे एक ठिपका असतो. अटी पाळल्या तर हिरवा, नाहीतर लाल. रिपेकानं तो बघायलाही वेळ घेतला नव्हता. आठवड्यापूर्वी तिनंच तो हिरवा केला होता.

"हिरवा आहे आत्या. तोड बिनधास्त."

आणि फोन ठेवताना तिला किती बरं वाटलं होतं. आपलं शिक्षण, आपली नोकरी, आपली ती पांढरी गाडी, शेवटी मराएच्या ताटाला उपयोगी पडली, म्हणून.

"काय झालं गं?" होहेपा म्हणाला. "पांढरी पडलीस."

"काही नाही," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता तिनं दुसरी बाटली काढली, बूट पुन्हा चढवले आणि वळणाकडे चालू लागली.

त्या बाटलीचा निकाल आला तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाईंनी स्वतः फोन केला. "रिपेका, एक नमुना बहुतेक चुकलाय. बाटली गटारात बुडवलीस का?"

"नाही," रिपेका म्हणाली. "भाजीत बुडवली."

बाई हसल्या. रिपेका काही हसली नाही, तेव्हा त्याही थांबल्या.

तिचे साहेब अ‍ॅलिस्टर चांगले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं, तिला खुर्ची दिली. "हे बघ, तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "परवान्यात वाळुंज लिहिलंय, तू वाळुंजापाशी पाणी घेतलंस. नगर परिषदेनं अट मोडलेली नाही. तू बरोबर आहेस, तेही बरोबर आहेत."

"मग आत्या चुकली?"

"तसं मी कुठे म्हणालो?"

"आपण सगळे बरोबर असू तर ती एकटीच उरते ना, सर."

त्यांनी समोरची फाइल मिटली. परवाना नव्यानं द्यायची वेळ येईल तेव्हा हा मुद्दा मांडू, म्हणाले. तोवर काठावर पाटी लावता येईल. पाटी मात्र लगेच लागली. सुबक, पक्क्या खांबांवर, मराएच्या उतारापाशीच. 'येथील पाणवनस्पती खाऊ नयेत.' पुढच्या खेपेला येणारा पाहुणा फाटकाशी उभा राहील, तेव्हा स्वागताच्या हाकेआधी त्याला ती दिसणार होती.

त्या संध्याकाळी रिपेका आत्याकडे गेली. परिषदेचं जाकीट तिनं गाडीतच काढून ठेवलं.

आत्यानं दार उघडलं. घरात ब्लीचचा वास कोंदला होता. टेबलावर पाव, लोणी, चीज, सगळं दुकानाच्या वेष्टनात. आत्या आता स्वतःच्या हातानं काही शिजवत नव्हती. चहासुद्धा तिनं रिपेकालाच करायला लावला.

"पाटी पाहिली," आत्या म्हणाली. "तू लावलीस?"

"ऑफिसनं."

"म्हणजे तूच की."

रिपेकानं कप खाली ठेवला. ती जी वाक्यं ठरवून आली होती, त्यातलं एकही ओठांवर आलं नाही. "आत्या, तुझे हात स्वच्छ होते," ती म्हणाली. "भाजी तू धुतलीस तेवढी पुरे होती. पाणीच वाईट होतं. नळ वर आहे, मी खाली तपासते. भाजी मधे. मधलं पाणी आम्ही बघतच नाही. बघायचं नसतं. मला ते माहीत होतं."

आत्यानं पावावर लोणी लावायचं थांबवलं नाही. कडेपर्यंत, कोपऱ्यापर्यंत, नीट लावलं. मग लोण्याची बोथट सुरी आडवी ठेवली.

"मी तुला विचारलं तेव्हा तू कुठून बोललीस? ऑफिसातून की घरातून?"

रिपेका कपाचा कान बोटानं फिरवत राहिली.

"मी घरात विचारलं होतं, रिपे. नगर परिषदेनं अट पाळली का, हे मी कशाला विचारू? माझ्या पाहुण्याला वाढू का, असं विचारलं होतं."

"ऑफिसातून बोलले, आत्या."

"मग तसं सांगायचंस. 'आत्या, मी ऑफिसातून बोलतेय.' मी होहेपाला बाजारात धाडला असता, कोबी आणायला."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. आत्यानं तो पाव रिपेकापुढे सरकवला, स्वतःला घेतला नाही.

"मला वाटलं होतं, तुला जरा हलकं वाटेल," रिपेका म्हणाली.

"हलकं?" आत्या पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलली. "तिथे जाऊन मी सगळ्यांसमोर उभी राहिले. माझी आई त्या लोकांना वाढायची, तिची आई वाढायची. त्यांच्या नावानं बोलले, माझ्या हातून घाण झाली म्हणून. आणि त्यांनी मला जवळ घेतलं गं. हारावीरा इस्पितळातून नुकता आलेला, काठी टेकत उठला आणि माझ्या नाकाला नाक लावलं. म्हणाला, बाई, होतं असं. एवढ्या मायेनं दिलेली माफी. आता कळतंय, ती माझी नव्हतीच. दुसऱ्या कुणाचं तरी पातेलं मी इतके दिवस घरात ठेवून घासत बसलेय."

"मी जाते तिकडे," रिपेका म्हणाली. "मी सांगते."

"जायलाच हवं."

"तू येशील?"

आत्यानं पावाचं वेष्टन मिटलं. पण रविवारी रिपेका गाडी घेऊन आली, तेव्हा आत्या काळा पोशाख करून पायरीवर बसलेली होती. ती पुढे बसली नाही. मागे होहेपाशेजारी बसली. समुद्र दिसेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. समुद्र दिसल्यावर होहेपा म्हणाला, "भरती आहे."

किनाऱ्याच्या माणसांनी त्यांना रीतीनं आत घेतलं. हाक झाली, नाकाला नाक लावून भेटी झाल्या, सगळे जेवणघरात आले. लांब टेबलं मांडलेली, ताटं मांडलेली. हारावीरा आजोबा टोकाला. ते वाळून अर्धे झाले होते, कॉलरमध्ये मान सैल हलत होती. रिपेकानं ते पाहिलं आणि बसायच्या आधीच उभी राहून बोलायची परवानगी मागितली.

"नमस्कार. प्रादेशिक परिषदेनं दिलेल्या परवान्याच्या अटींनुसार, विसर्गाच्या खालच्या बाजूला..." तिनं सुरुवात केली. तिचा आवाज तिलाच कार्यालयातल्यासारखा ऐकू आला.

"पोरी," आजोबा म्हणाले, "माझं पोट नाजूक झालंय. माणसासारखं बोल."

कुणीतरी हसलं. रिपेकाचे कान तापले. तिनं हात मागे बांधले, मग पुढे घेतले.

"तुम्हाला जी भाजी वाढली," ती म्हणाली, "ती वरच्या गावच्या सांडपाण्यात वाढलेली होती. आत्यानं तोडायच्या आधी मला विचारलं होतं. मी तोड म्हणाले. मी त्या नदीचं पाणी तपासते, त्याचा मला पगार मिळतो, आणि त्या वळणातलं पाणी मी कधीच तपासलेलं नव्हतं. तरी तोड म्हणाले. आत्यानं इथे येऊन जे आपल्या अंगावर घेतलं, ते माझं आहे. ते घ्यायला आले."

बोलणं संपलं.

आमच्याकडे बोलणं संपलं की माणूस लगेच खाली बसत नाही. त्याची माणसं उठून त्याच्या बाजूला उभी राहतात आणि गाणं म्हणतात. मगच बोललेलं पुरं होतं. गाण्याशिवायचं बोलणं म्हणजे नागडं बोलणं. बोलणारा मग तसाच उभा राहतो, सगळ्यांच्या नजरेत. रिपेका तशी उभी राहिली. होहेपा अर्धा उठला, त्यानं आत्याकडे बघितलं आणि पुन्हा बसला. तिच्याआधी उठायची त्याची छाती नव्हती.

आत्या बसून होती. दोन्ही हात मांडीवर, नजर ताटाच्या कडेवर. मागे समुद्र ऐकू येत होता. टेबलावरचं कालवण निवत होतं आणि किनाऱ्याचं एकही माणूस खोकत नव्हतं. रिपेकाला वाटलं, आता मी आपण होऊन बसावं.

मग खुर्ची सरकली. आत्या उठली. ती रिपेकाच्या जवळ आली नाही, आपल्याच जागी उभी राहिली आणि तिथूनच गायला लागली. घसा बसला होता. बरेच दिवस वापरला नव्हता.

नदी आमुची गं माय, तिच्या कुशीमंदी ओल,
लेक उभी तुमच्या दारी, घ्या गं तिचे खरे बोल.
नदी आमुची गं माय, तिचं दुखणं कोणा सांगू,
लेकीनं केली चूक, क्षमा कुण्या तोंडानं मागू.

होहेपा झटकन उठला, दुसऱ्या ओळीला त्यानं सूर दिला. दोघांनी मिळून ते कडेला नेलं. गाणं संपलं. आत्या खाली बसली. या सगळ्यात तिनं रिपेकाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

हारावीरा आजोबा काठी टेकत आले. त्यांनी रिपेकाच्या नाकाला नाक लावलं, कपाळाला कपाळ टेकलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. त्यांच्या श्वासाला औषधाचा वास येत होता. बाजूला होताना ते हळूच म्हणाले, "आता जेव. कोशिंबीर दुकानातली आहे, पिशवीत बंद होती. भिऊ नकोस."

सगळं जेवणघर हसलं. भल्या माणसांचं ते हसणं होतं, त्यात डंख नव्हता, म्हणून ते जास्त आत गेलं. रिपेकानं ताटात वाढून घेतलं. तिच्या शेजारच्या म्हातारीनं तिला अजून मासा वाढला, वर लोण्याचा गोळा टाकला, पाठीवरून हात फिरवला. रिपेका घास घेत होती, चावत होती, आणि सगळेजण बघत नसल्यासारखं करून ती खाते की नाही ते बघत होते.

जेवणं उरकली. तिनं मान वर केली तर आत्याची खुर्ची रिकामी होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. किनाऱ्याच्या बायकांमध्ये कोपरानं जागा करून आत्या उभी होती. खांद्यावर परका पंचा टाकलेला. एक बाई विसळायची, आत्या पुसायची. ताट उजेडाला धरायची, पुसायची, रचायची. त्या बायका काहीतरी बोलल्या, आत्यानं काहीतरी उलट उत्तर दिलं, आणि आत हशा पिकला. या सगळ्या महिन्यांत आमच्यापैकी कुणी आत्याच्या हसण्याचा आवाज ऐकला नव्हता.

रिपेका उठली. स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि खुंटीवरचा एक पंचा काढून घेतला.

आत्यानं वळून पाहिलं. तिनं ओला हात पुढे केला, रिपेकाच्या हातातला पंचा काढून घेतला, घडी केली आणि पुन्हा खुंटीला लावला.

"तू बाहेर बस," आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. दमलेल्या माणसानं लेकराला सांगावं तसं सांगितलं. "आज तू पाहुणी आहेस."

"आत्या, मी पुसते ना."

"पाहुण्यांना आपण कामाला लावत नाही, रिपे."

रिपेका परत टेबलापाशी आली. सगळी माणसं ऊन खायला ओट्यावर गेली होती. लांब टेबलांवर ओल्या फडक्याचे पट्टे वाळत होते. ती आपल्या जागेवर बसली. हातांना काही काम नव्हतं, म्हणून तिनं ते मांडीवर ठेवले. आत एकेक ताट दुसऱ्यावर ठेवल्याचा आवाज येत राहिला, आणि ती ऐकत बसली.